हरिपाठाचा भूप, काकड्याचा देशकार

सायंकाळी हरिपाठ, कार्तिकात पहाटे काकडा, हा आपल्या झाडीपट्टीतला नेम. मूल-सावलीकडे जा की आरमोरी-कुरखेड्याकडे, मंडळी धानाच्या बांधीत राबून देवळात येतात. टाळ आहे, मृदंग आहे, वीणा आहे. स्वर सांगणारा मात्र गावोगाव मिळत नाही. म्हणून भजनापुरते रागज्ञान येथे थोडक्यात सांगतो.

सा रे ग प ध हे पाच शुद्ध स्वर घ्या. म आणि नि वर्ज्य. आता गंमत पाहा. हेच पाच स्वर भूपाचे आणि हेच देशकाराचे! भूपात वादी गंधार, संवादी धैवत. तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, म्हणून हरिपाठास शोभतो. देशकारात वादी धैवत, संवादी गंधार. तो सकाळचा, काकड्यास जवळचा. भांडवल एकच, विसावा निराळा.

याहून खोल गोष्ट मूर्च्छनेची. देवगिरीस सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेवांनी 'संगीतरत्नाकर' हा संस्कृत ग्रंथ रचला. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) आधीची ही गोष्ट. त्यात मूर्च्छनांचा विचार आहे. पेटीवर करून पाहा. भूपाच्याच पट्ट्या ठेवून गंधारास षड्ज माना, मालकंस उभा राहतो. पंचमास माना, दुर्गा होतो. पट्टी एकही बदलली नाही, फक्त घर बदलले. मग भजनात दहा जणांचे षड्ज दहा ठिकाणी असले, तर चाल राहील कशी?

अभ्यास असा करावा. आधी वीणेचा षड्ज ऐकत, तोंड मिटून, आवाज त्यात मिळवावा. मग 'रा-म-कृ-ष्ण-ह-रि' ही सहा अक्षरे सा रे ग प ध सां यांवर एकेक ठेवीत चढावे आणि तशीच सां ध प ग रे सा अशी उतरावे. घाई नको. संध्याकाळी गंधारावर थांबा, पहाटे धैवतावर.

एक जपावे. गजराच्या भरात आवाज चढत जातो. तरणी पोरे ओरडतात, म्हातारी माणसे आणि मायबाया गप्प बसतात. चालीत वरचा षड्ज लागतोच. तेव्हा सर्वांत वयस्कर टाळकऱ्यास तो सहज लागेल, अशीच पट्टी धरावी. देवळात कोणी मुका बसला, तर आपला षड्ज चुकला असे समजावे.