अनवाणी वाट आणि पायाची जखम

सज्जनगडाच्या पायऱ्या, शिखर शिंगणापूरचा चढ, औदुंबरचा कृष्णाघाट. सातारा-सांगलीतील या क्षेत्री अनेक भाविक श्रद्धेने अनवाणी चालतात. ठेच लागून वा काटा रुतून झालेली जखम क्षुल्लक म्हणून दुर्लक्षिली जाते.

त्वचेवर वसणारे स्टॅफिलोकॉकस जंतू अशा जखमेतून शरीरात शिरतात. १९२८ साली पेनिसिलीनचा शोध लागला. परंतु त्यानंतरच्या मेथिसिलीन या औषधासही न जुमानणारे जंतू १९६१ साली इंग्लंडमध्ये आढळले. प्रतिजैविकांच्या अनावश्यक व मनमानी वापराने असे जंतू बळावतात.

म्हणून जखम होताच हात धुऊन ती वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे आणि पट्टी बांधावी. भिजलेली पट्टी बदलावी. अंगारा कपाळी लावावा, जखमेत भरू नये. हळद व चुनाही नको. जखम भरेपर्यंत नदीस्नान टाळून तीर्थ मस्तकी लावावे.

मधुमेहाने तळपायाची संवेदना मंदावल्यास काटा रुतल्याचेही कळत नाही. अशा भाविकांनी मंदिराच्या दारापर्यंत पादत्राणे घालावीत आणि लहान जखमही डॉक्टरांना दाखवावी. लाली पसरणे, सूज, पू वा ताप दिसताच सर्वांनीच वैद्यकीय उपचार घ्यावेत. धनुर्वाताच्या लसीविषयीही विचारावे. वेष्टनावर उभी लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये.

यात्रामार्गावर साबण, स्वच्छ पाणी व मलमपट्टीची सोय करणाऱ्या दात्याचे दान अन्नदानाइतकेच मोलाचे होय.