थव्याने राहणारे मासे आणि शाळेतील काचपेटी

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील मुलांना मासा अपरिचित नाही. कृष्णा, कोयना, वारणा, येरळा यांच्या काठची मुले उथळ पाण्यात बोटाएवढ्या माशांचे थवे लहानपणापासून पाहत असतात. पाण्यात पाऊल पडताच सारा थवा एका क्षणी वळतो, हेही त्यांना ठाऊक असते. तो का वळतो, हे मात्र वर्गात क्वचितच विचारले जाते. शाळेत काचपेटी ठेवावयाची ती या प्रश्नासाठी. निव्वळ शोभेची पेटी थोड्याच दिवसांत अडगळीच्या खोलीत जाते.

पहिली चूक बहुधा मासे निवडतानाच होते. दुकानात मासे जोडीने विकले जातात, म्हणून लाल एक जोडी, काळी एक जोडी, पट्ट्यांची एक जोडी अशी खरेदी होते. थव्याने राहणाऱ्या माशास ही रीत घातक आहे. असा मासा एकटा पडला की कोपऱ्यात दडतो, अन्नाकडे येत नाही, रोगास लवकर बळी पडतो. कधी उलट सोबत्याच्या शेपटीचे लचके तोडू लागतो. मुले मग म्हणतात, ‘हा मासा आळशी आहे.’ तो आळशी नसून भ्यालेला असतो. सहा जातींचे एकेक मासे ठेवण्यापेक्षा एकाच जातीचे आठ-दहा ठेवावे. सहापेक्षा कमी तर ठेवूच नयेत.

आरंभासाठी झेब्रा डॅनियो हा मासा सर्वांत सोयीचा. लांबी दीड इंचाच्या आसपास, अंगावर निळे आडवे पट्टे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. हा मूळचा आपल्याच देशाचा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी पाळला जातो. आपल्याकडील हिवाळा त्यास सोसतो, पाणी तापविण्याचे यंत्र लागत नाही. नदीतील मासे धरून आणण्याचा मोह मात्र टाळावा. त्यांच्याबरोबर रोगही येतात. ते नदीतच पाहावेत व त्यांची गावातील नावे मुलांकडून लिहून घ्यावीत. कर्नल साइक्स यांनी 1839 च्या सुमारास दख्खनमधील माशांची वर्णने केली, तेव्हा फुलंगी, कोळस यांसारखी येथील नावेच शास्त्रीय नावांत गुंफली होती.

पेटी अडीच फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच असावी. तीत सुमारे साठ लिटर पाणी राहते. एवढे वजन डुगडुगत्या टेबलावर ठेवू नये. गोल काचेचे भांडे वर्ज्य. त्यात पाणी थोडे आणि हवेला उघडा पृष्ठभाग अपुरा. वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला तर मासे वाचतात ते या रुंद पृष्ठभागामुळेच. वर मच्छरदाणीचे कापड बांधावे, कारण हे मासे उडी मारतात.

गावच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर घातलेली असते. त्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांस जाळते. म्हणून पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. दुसरा शत्रू डोळ्यांस दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तळाच्या खड्यांवर वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट व नंतर पुष्कळ कमी अपायकारक असे नायट्रेट करतात. हे जंतू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तीन-चारच मासे ठेवावे, अन्न अगदी थोडे घालावे व पाणी वरचेवर बदलावे. थवा त्यानंतर पुरा करावा. दर शनिवारी पेटी रिकामी करून खडे राखेने लख्ख घासण्याचा उत्साह कित्येक शाळांत दिसतो. त्यात हे उपकारक जंतूच धुऊन जातात आणि सोमवारी मासे तरंगताना आढळतात. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलणे पुरे. काढलेले पाणी परसबागेस घालावे, ते उत्तम खत आहे. अन्न दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. बिस्किटाचा चुरा कधीही नको.

आता पाठ. पेटीस लागून पाण्याने भरलेली काचेची बरणी ठेवावी व तीत एकच मासा सोडावा. बरणीचे व पेटीचे पाणी वेगळे, म्हणजे वास नाही, स्पर्श नाही. तरीही तो मासा थव्याकडील बाजूस सरकून राहतो. मध्ये पुठ्ठा धरावा, काही वेळाने काढावा आणि तो किती काळ कोणत्या बाजूस होता हे मुलांनी घड्याळ लावून टिपावे. थवा डोळ्यांनी जुळतो, हे त्यांना सांगावे लागत नाही. दहा मिनिटांनी मासा परत सोडावा. थव्यात असताना शेजाऱ्याची हालचाल त्यास कातडीतील संवेदकांनीही कळते. या संवेदकांच्या रांगेस पार्श्वरेखा म्हणतात. तिसरा दुवा रसायनाचा. कार्ल फॉन फ्रिश यांनी 1938 साली दाखवून दिले की जखमी माशाच्या कातडीतून पाण्यात उतरणाऱ्या द्रव्याने त्याचे सोबती भयभीत होतात. याचा प्रयोग वर्गात करू नये. जाळी मऊ कापडाची वापरावी, एवढा बोध पुरे.

श्वासाचा विषय निघाला की सांगलीजवळ कृष्णेत मार्च 2023 मध्ये मेलेल्या माशांचा जो खच पडला, त्याविषयी मुले स्वतःच बोलतील. त्यांना बोलू द्यावे. दूषित पाण्यातील मळी कुजताना प्राणवायू कसा संपतो, हे पेटीजवळ उभे राहूनच नीट समजते.

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतील शाळांनी पेटीचा आरंभ जून-जुलैत करावा. टँकरच्या दिवसांत नव्हे. दिवाळीच्या सुटीत जवळ राहणाऱ्या एका पालकाकडे काम सोपवावे व अन्नाच्या रोजच्या पुड्या बांधून द्याव्यात, नाहीतर प्रेमापोटी मूठभर अन्न पडते. मे महिन्यात पेटी चालविणे अशक्य असेल तर मासे शेजारच्या शाळेस द्यावेत. नदीत, विहिरीत वा पाझर तलावात सोडू नयेत. आफ्रिकेतील चिलापी 1952 साली भारतात आणली गेली. उजनीच्या जाळ्यांत आज काय येते, ते कोणत्याही मच्छीमारास विचारावे.