एकच साल, दोन बाटल्या

लेबलावरचं साल एकच आहे म्हणून दोन्ही बाटल्यांतली वाइन सारखीच, असं धरून चालू नका. नाशिक-दिंडोरीकडे वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि लेबलावर साल येतं ते त्या काढणीचं. पण सगळी रेड वाइन एकदमच बाटलीत भरली जाते असं नाही. काही आधी भरतात. उरलेली टाकीत किंवा लाकडी पिंपात आणखी काही महिने मुरते. म्हणून बॅच नंबर आणि भरल्याची तारीख आधी वाचावी.

गेल्या मे महिन्यात एका मित्राकडे एकाच शिराझच्या दोन बॅच शेजारी शेजारी मांडल्या होत्या. एकीत काळी मिरी होती, ताजं जांभूळ होतं. दुसरी अति शिजलेल्या मुरंब्यासारखी, बोथट. ‘नवा लॉट बिघडलाय,’ असा निकालही लागला. मला राहवेना. त्या बोथट बाटलीचं बूच हातात घेऊन पाहिलं, तर त्याच्या कडेनं तांबडी रेघ थेट वरपर्यंत गेलेली आणि वरच्या आवरणाखाली चिकट डाग. चौकशीत कळलं, ती बाटली हायवेवरच्या एका दुकानात पश्चिमेच्या काचेत मांडलेली होती. उन्हानं वाइन फुगते, बुचाला रेटते. गार होताना बाहेरची हवा आत ओढते. वर्षभर राबलेल्या बागाईतदाराच्या माथी उन्हाचा दोष मारला जावा, हे मला सहन होत नाही.

तुलना करायचीच तर दोन्ही बाटल्या एकाच दुकानातून, आतल्या सावलीतल्या फळीवरून घ्या. मापही एकच हवं. 375 मिलीच्या बाटलीत वाइनच्या मानानं हवा जास्त, त्यामुळे ती 750 मिलीच्या बाटलीपेक्षा लवकर पिकते. सुला वायनरीच्या बऱ्याच बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, पण बुचाच्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर ती तुलनेतून बाद करा.

वाइन 16 ते 18 अंशांवर आणा. आपल्या उन्हाळ्यात त्यासाठी थोडा वेळ फ्रिज लागतोच. मग चव न घेणाऱ्या माणसाला तीन सारख्या ग्लासांत ओतायला सांगा: दोनांत एक बॅच, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कुठला, ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानंही तिघांतल्या एकाचं उत्तर बरोबर येतं, तेव्हा जागा बदलून पुन्हा पुन्हा करा. एवढं करूनही फरक टिकला, तर बॅच नंबरासकट वायनरीला कळवा, आणि बूच जपून ठेवा.