आडवी बाटली

दारूचे दुकान चालू राहावे की बंद व्हावे, हे कोणी ठरवावयाचे? इंग्रजी अमदानीत ते सरकारच ठरवीत असे, आणि अबकारी उत्पन्नावर डोळा असल्याने दुकाने वाढतच गेली. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या जोतीराव फुले यांनी १८८० साली पुण्यातील वाढत्या गुत्त्यांविरुद्ध नगरपालिकेच्या अध्यक्षांकडे लेखी तक्रार केली होती.

पुढे १९४२ च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यात गावोगाव दारूबंदीचा आग्रह धरला. कुंडल हे त्याचे मोठे ठाणे. (हा मुलूख १९४९ साली साताऱ्यापासून वेगळा झाला आणि १९६० पासून सांगली जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला.) हाती कायदा नव्हता, होता तो लोकमताचा आधार आणि कार्यकर्त्यांचा धाक.

कायदा आला तो स्वातंत्र्यानंतर. एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. दुकानांना कुलपे लागली, पण आडरानात चोरट्या भट्ट्या पेटल्या. पुढे बंदी सैल करण्यात आली. तरी मूळ कायदा रद्द झालेला नाही. दारू पिण्यास परवाना लागतो, हा नियम महाराष्ट्रात अद्याप आहे, आणि फार थोड्यांना तो ठाऊक असतो! शासनाने तर २००१ साली द्राक्षांपासून वाइन करण्याच्या उद्योगास उत्तेजन दिले. त्यासाठी सांगली जिल्ह्यात निवडलेले ठिकाण म्हणजे कुंडलशेजारचे पलूस.

मजुरीचे पैसे गुत्त्यात गेले म्हणजे चूल थंड राहते, हे स्त्रियांइतके कोणास कळणार? २००८ च्या शासकीय आदेशाने हा निर्णय त्यांच्या हाती दिला. गावातील २५ टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

मात्र येथे एक मेख आहे. केवळ झालेल्या मतांत नव्हे, तर गावातील एकूण स्त्री-मतदारांत निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडावी लागतात. समजा, गावात १,००० स्त्री-मतदार आहेत. ६०० जणी आल्या आणि त्यांतल्या ४९० जणींनी आडवी बाटली निवडली, तरी दुकान चालूच राहते. ५०१ मते हवीत. घरी राहिलेल्या बाईचे मत न देताच उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. म्हणून त्या दिवशी खुरपणीला निघालेल्या बाईलाही बांधावरून माघारी बोलवावे लागते.