सायकलवरचा कॅमेरा

कोन गाव पनवेल तालुक्यात आहे. मुंबई-पुण्याचा जुना रस्ता इथून जातो. द्रुतगती मार्गही जवळच आहे. पण त्यावर सायकलीला बंदी आहे. म्हणून कामावर जाणारा गडी असो की हौशी सायकलवाला, त्याला जुनाच रस्ता धरावा लागतो. अंगाला घासून ट्रक जातात. एखाद्याने धक्का दिला आणि तो पळाला, तर नंबर कोण सांगणार?

म्हणून काहीजण सायकलच्या दांडीला छोटा कॅमेरा बांधतात. त्यात चित्र येते, आवाजही येतो. मग कोणी दरडावतो, "ए, शूटिंग बंद कर! गुन्हा आहे हा." खरेच का हो हा गुन्हा? आपण नीट समजून घेऊ.

सार्वजनिक रस्त्यावर जे सर्वांना दिसते, ते टिपायला सरसकट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. आपल्या राज्यातलेच दोन खटले पाहू. वर्ध्याला एकाने पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला. त्याच्यावर 1923 च्या सरकारी गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 साली तो रद्द केला. पोलीस ठाणे हे त्या कायद्यातले मनाईचे ठिकाण नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. पाथर्डीच्या खटल्यात ठाण्यातले बोलणे भरून घेतले होते. तिथेही 2024 साली औरंगाबाद खंडपीठाने हेच सांगितले.

पण मंडळी, मोकळीक म्हणजे मोकाट सुटणे नव्हे. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की खाजगी जीवन जपणे हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. आडोशाला अंघोळ करणाऱ्या किंवा कपडे बदलणाऱ्या बाईचे चित्र चोरून घेणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या 77 व्या कलमाने त्याला पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षे कैद होते, वर दंडही होतो. लष्करी जागी मनाईची पाटी असेल, तर कॅमेरा बंदच ठेवावा. दुसऱ्यांचे खाजगी बोलणे चोरून भरू नये. चित्र काटून-छाटून, खोटे नाव जोडून गावभर पाठवले, तर बदनामीचा खटला होऊ शकतो.

मग कॅमेऱ्याचा उपयोग काय? पुरावा! पळालेली गाडी सापडली नाही, तर मृताच्या घरच्यांना सरकारी योजनेतून 2 लाख रुपये मिळतात आणि जबर जखमीला 50 हजार. हे दर 1 एप्रिल 2022 पासून आहेत. पण नंबर कळला, तर गाडीच्या मालकाकडे आणि विमा कंपनीकडे नुकसानीच्या मानाने भरपाई मागता येते. घरातला कमावता माणूस गेला, तर हा फरक फार मोठा असतो.

आवाजाचा पुरावाही चालतो. मुंबईतल्या एका लाचेच्या खटल्यात 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने टेपवरचे बोलणे ग्राह्य धरले. मात्र त्यात फेरफार झालेला नसावा, हे बजावले. म्हणून मूळ चित्रण पुसू नका, कापू नका. पोलिसांना प्रत द्या, मूळ जपून ठेवा. कोर्टात प्रत दाखवताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63 व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्र लागते. ते वकिलाकडून समजून घ्या.

थोडक्यात, कॅमेरा रस्त्याकडे असावा, लोकांच्या घरात नसावा. आणि टिपलेले पोलीस ठाण्यात द्यावे, चावडीवर मिरवू नये.

विचार करा :
1. पळालेल्या गाडीचा नंबर कळला, तर काय फायदा होतो?
2. कोणते चित्र घेणे गुन्हा आहे?
3. मूळ चित्रण का जपावे?