‘गेन’ : मिळवणे म्हणजे काय?

शास्त्रपाठ : मत्तय १८:१२-१५, लूक १२:१३-१५, फिलिप्पै ३:४-९

इंग्रजी पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना ‘गेन’ हे क्रियापद परिचित आहे. सर्व जग मिळवूनही जीव गमावणाऱ्या मनुष्याविषयी प्रभू येशूने विचारलेल्या प्रश्नात (मार्क ८:३६) ते येते. त्याचा ढोबळ अर्थ मिळवणे, लाभ होणे असा आहे. परंतु या लहानशा शब्दाचा प्रवास मोठा आहे, आणि तो समजून घेणे उद्‌बोधक ठरेल.

शब्दाचे मूळ

‘गेन’ हे क्रियापद सोळाव्या शतकात इंग्रजीत रूढ झाले. ते जुन्या फ्रेंच भाषेतून आले, आणि फ्रेंच भाषेने ते फ्रँक नावाच्या जर्मानिक लोकांच्या बोलीतून घेतले. तेथे त्याचा अर्थ शिकार करणे, अन्नाच्या शोधात हिंडणे, गुरे चारणे असा होता. आजच्या जर्मन भाषेतील कुरण या अर्थाचा ‘वाइडे’ हा शब्द त्याच कुळातला. जुन्या फ्रेंचमध्ये या क्रियापदाला जमीन कसणे हाही अर्थ होता. पुढे श्रमाने कमावणे, व्यापारात नफा होणे, जिंकणे असे अर्थ त्याला चिकटले. रानातून शेतात आणि शेतातून बाजारात, असा हा प्रवास आहे.

येथे एक सावधगिरी हवी. ‘गेनसे’ म्हणजे विरुद्ध बोलणे, नाकारणे. या शब्दातील ‘गेन’ निराळा असून त्याचा अर्थ ‘विरुद्ध’ असा आहे. रूप सारखे म्हणून मूळ एक, असे समजू नये.

शास्त्रातील उपयोग

नव्या करारात यामागे ‘केर्दाइनो’ हे ग्रीक क्रियापद आहे. तो बाजारपेठेतला, नफातोट्याच्या हिशेबातला शब्द. त्याच कुळातील ‘केर्दो’ हे ग्रीकांनी धूर्त कोल्ह्याला दिलेले नाव होते. विल्यम टिंडेल यांनी १५२६ साली छापलेल्या इंग्रजी नव्या करारात या क्रियापदासाठी मत्तय १८:१५ व मार्क ८:३६ येथे ‘विन’ हा शब्द योजला. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ कष्ट करणे, झगडणे असा होता. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात या दोन्ही ठिकाणी ‘गेन’ आला. मात्र ख्रिस्त प्राप्त व्हावा असे पौल म्हणतो तेथे (फिलिप्पै ३:८) ‘विन’ हाच शब्द राहिला.

त्याच अध्यायात पौल आपला हिशेब मांडतो. सुंता, कुळ, वंश, परूशीपण, आवेश, नियमशास्त्राप्रमाणे निर्दोषता : सारी जमेची बाजू. सातव्या वचनात ग्रीकमध्ये ‘लाभ’ हा शब्द अनेकवचनी आहे, तर ‘हानी’ एकवचनी. अनेक लाभांची गोळाबेरीज एकाच हानीत झाली! त्यांच्या जागी पौलाला एकच प्राप्ती हवी आहे, ती म्हणजे ख्रिस्त.

१ करिंथ ९:१९-२२ मध्ये पौल हेच क्रियापद पाच वेळा वापरतो आणि पाचही वेळा त्याचे कर्म माणसे आहेत. व्यापारी शब्द त्याने घेतला खरा, पण त्याची दिशा पालटली. इतरांना मिळवण्यासाठी तो स्वतः सर्वांचा दास होतो.

भाऊ की मिळकत?

मत्तय १८:१५ मध्ये प्रभू सांगतो की अपराध करणाऱ्या बंधूला एकांतात समजवावे. त्याने ऐकले तर आपण आपला भाऊ मिळवला. लगेच आधीच्या वचनांत हरवलेल्या मेंढराचा शोध आहे. ‘गेन’च्या मुळाशी चरण्याचा व शोधण्याचा अर्थ असणे हा योगायोगच, शब्दाच्या व्युत्पत्तीवरून सिद्धान्त रचू नये. तरीही दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर प्रभूचे म्हणणे अधिक स्पष्ट दिसते. भाऊ घरबसल्या मिळत नाही, त्याला शोधावयास निघावे लागते.

आपली मराठी येथे आणखी एक गोष्ट सुचवते. ‘मिळणे’ म्हणजे प्राप्त होणे, तसेच एकत्र येणेही. नदी समुद्राला मिळते. चार माणसे मिळून काम करतात. म्हणून ‘भाऊ मिळवणे’ यात तुटलेले जोडणेही आले. पण ‘मिळकत’ हा शब्दही याच क्रियापदापासून झाला आहे! मिळकतीच्या वाटणीवरून एका आईची लेकरे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, हे आपण ख्रिस्ती कुटुंबांतही पाहतो. वतन वाटून द्यावयास भावाला सांगा, अशी मागणी एकाने प्रभूकडेही केली होती. तेव्हा वाटणी करण्याचे नाकारून प्रभूने लोभापासून जपण्याचा इशारा दिला.

न्याय्य हक्क मागणे पाप नव्हे. पण दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागला आणि भाऊ कायमचा दुरावला, तर वहीत जमा कोणती व खर्च कोणता? पौलासारखा हिशेब प्रत्येकाने देवासमोर बसून करावा. आणि जो एकांतात जाऊन भेटायचा राहिला आहे, त्याच्याकडे या आठवड्यातच जावे.

मननासाठी प्रश्न
१. आपण ‘लाभ’ म्हणून जपलेल्या कोणत्या गोष्टी ख्रिस्ताच्या आड येतात?
२. मत्तय १८:१५ मध्ये ‘एकांतात’ या शब्दाला महत्त्व का आहे?
३. आपल्या कुटुंबात किंवा मंडळीत कोणाला मिळवणे बाकी आहे?