आधी टाकी धुवा

निफाडकडच्या थंडीत द्राक्षबागेची पहाटेची फवारणी हुकली की ती भरून निघत नाही. त्या डिसेंबरात भुरीचा रोग दिसायला लागला होता. ब्लोअरची टाकी औषधाने भरून तयार, आणि ट्रॅक्टर चालू होऊन दोन मिनिटांत बंद. डिझेलच्या लाइनने हवा धरली असेल म्हणून हवा काढली, पुन्हा तेच. शेवटी फिल्टर उघडला, तर आत थिजलेल्या तुपासारखा पिवळट थर. दोन दिवस फवारणी राहिली आणि कडेच्या ओळींत भुरी मण्यांवर चढली.

ऑक्टोबर छाटणीच्या आधी मी एका व्यापाऱ्याकडून बायोडिझेलचं टिपाड घेतलं होतं. भाव कमी होता हे खरं, पण माझा त्या इंधनावर विश्वासही होता, आजही आहे. पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. मग आपला ट्रॅक्टर आपल्या मातीतल्या तेलावर का चालू नये? चूक एवढीच, की मी त्याला स्वस्त डिझेल समजलो. निम्मं डिझेल, निम्मं ते, असं जुन्या ट्रॅक्टरमध्ये ओतून मोकळा झालो.

बायोडिझेलचा स्वभाव वेगळा आहे. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ते बनवतात. जड ग्लिसरीन खाली बसतं, वरचं धुऊन, पाणी काढून वापरतात. ते इंजिनात चांगलं जळतं, पंपाला वंगणही देतं. पण ट्रॅक्टरच्या इंधनटाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ ते सोडवून घेतं. पहिल्याच आठवड्यात माझे दोन फिल्टर काळेकुट्ट होऊन तुंबले, तेव्हा मी इंधनालाच दोष दिला. घाण माझ्याच टाकीतली होती. पुढे परतीची रबरी नळी फुगून मऊ पडली आणि गळू लागली. जुन्या रबराला हे इंधन सोसत नाही. आणि थंडी! बायोडिझेल हॉटेलातल्या तळणाच्या उरलेल्या तेलापासूनही बनवतात, आणि तिथे बहुधा पामतेल असतं. त्याचं बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपासच गढूळ व्हायला लागतं. आमच्याकडे पारा त्याच्या कितीतरी खाली जातो.

म्हणून सांगतो, टाकी उतरवून धुतल्याशिवाय पहिला लिटर ओतू नका. रबरी नळ्या बदलून घ्या, दोन जादा फिल्टर घरात ठेवा. सुरुवात पाच टक्क्यांनी करा. आपल्याकडे साध्या डिझेलच्या मानकातही सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं. त्याहून जास्त मिसळायचं तर ट्रॅक्टर कंपनीचं पुस्तक वाचा, नाहीतर वॉरंटीवर पाणी पडेल. ऑइलची पट्टी वरचेवर बघा. पातळी वाढलेली दिसली तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय, तसंच चालवू नका.

विकणाऱ्याकडे आयएस १५६०७ प्रमाणे तपासणी झाल्याचा कागद मागा. बायोडिझेलच्या नावाखाली भलतंच तेल विकणारेही आहेत. घरी एक सोपी परीक्षा करता येते: काचेच्या बाटलीत निम्मं पाणी, निम्मं इंधन घालून जोरात हलवा. अर्ध्या तासात दोन स्वच्छ थर झाले तर ठीक. मध्ये ताकासारखं पांढरं राहिलं तर त्यात साबण किंवा अर्धवट बनलेलं तेल आहे, ते परत करा. दुसरी बाटली नुसत्या इंधनाची भरून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी ती गढूळ झाली, तर तुमच्या टाकीत पहाटे काय होणार ते कळेल.

घाण्यावरचं करंजाचं तेल तसंच ओतायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते डिझेलच्या जवळपास दहापट घट्ट असतं. नोझलवर काजळी धरते, रिंगा चिकटतात, आणि मग खर्च इंजिन खोलण्याचा येतो.

साठाही फार करू नका. हवा आणि ओल लागली की बायोडिझेल खराब होतं, म्हणून अर्धं टिपाड पावसाळाभर ठेवणं वाईट. मी आता दोन महिन्यांत संपेल एवढंच घेतो. एप्रिलच्या खरड छाटणीपासून वीस टक्के मिसळतो, दिवाळी आली की टिपाड रिकामं करून उन्हात पालथं घालतो, आणि थंडीभर ट्रॅक्टर साध्या डिझेलवर चालतो.